हेरकथा, खलनायक आणि खाल्ले मीठ

विरारच्या माणसाला कलेविषयी मते बनवायला सवड नसते, असा एक समज दादर-पार्ल्याकडे आढळतो. तो खरा नाही. सकाळी सव्वासहाच्या सुमारास विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये आम्ही गोरेगाव येईपर्यंत दुसरे काही करीतच नाही. मी गोरेगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर कलाशिक्षकाची पदविका. तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. त्यांतील एकीविषयी पुढे बोलावे लागणार आहे. टीकाकार म्हणवून घेण्याचा अधिकार मजपाशी नाही. परंतु २०२६च्या जानेवारीत आमच्या डब्यात एका चित्रपटावरून जो वाद पेटला, तो महिनाभर धुमसत राहिला आणि त्यात मला एकदाही धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करतो.

चित्रपट होता आदित्य धर यांचा ‘धुरंधर’. ५ डिसेंबर २०२५ रोजी तो प्रदर्शित झाला. लांबी साडेतीन तासांच्या वर, आणि प्रमाणपत्र केवळ प्रौढांसाठीचे. कथा थोडक्यात अशी : भारताचा एक हेर हमजा हे नाव धारण करून कराचीच्या ल्यारी वस्तीत शिरतो, तेथील टोळीचा म्होरक्या रहमान डकैत याचा विश्वास संपादन करतो, आणि अखेर त्याचाच काळ ठरतो. रहमान निव्वळ कल्पित नव्हे. त्या नावाचा गुंड ल्यारीत खरोखर होता आणि २००९ साली तो पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. चित्रपटातले त्याचे आयुष्य मात्र चित्रपटकर्त्याचे. हमजाची भूमिका रणवीर सिंग यांची, रहमानची अक्षय खन्ना यांची. कथा दोन भागांत सांगायची योजना होती. मी येथे बोलतो आहे ते पहिल्या भागाविषयी.

डब्यात सरळसरळ दोन पक्ष पडले. एका पक्षाचे पुढारी बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ. त्यांचे म्हणणे, ‘खलनायकाने नायकाला खाऊन टाकले, आणि यातच चित्रपटाचे मोठेपण आहे. आवाज न चढवता, डोळे न वटारता हा माणूस पडद्यावर आला की बाकीचे सगळे फिके पडतात.’ औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण त्यांचा अनुयायी. तो रहमानची चाल करून दाखवी; गर्दीत हात वर करायला जागा नसताना तो नाच करून दाखवी. दुसऱ्या पक्षाचे पुढारी न्यायालयात कारकून आहेत. ते म्हणत, ‘अहो, शत्रूला इतका देखणा दाखवायचा कशाला? पोरे बाहेर पडतात ती त्याचीच नक्कल करीत. मग ज्याने जिवावर उदार होऊन काम केले त्या हेराचे काय?’

दोघेही माझ्याकडे वळत. ‘सर, तुम्ही लेखक. तुम्ही सांगा.’ आणि नेमके तेव्हा मालाड येई.

या वादात एक गाठ होती आणि ती दोन्ही पक्षांना सुटत नव्हती. त्याच वर्षी, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ प्रदर्शित झाला होता. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. त्यात औरंगजेब रंगवला तो याच अक्षय खन्ना यांनी. तेथेही तोच दबका आवाज, तीच सावकाश वळणारी नजर. परंतु ‘छावा’ पाहून बाहेर पडलेली आमच्या विरारची मुले दात-ओठ खात बाहेर पडली होती. औरंगजेबाची चाल कोणी उचलली नाही. एकाच नटाने, एकाच वर्षात, जवळपास त्याच साधनांनी दोन खलपुरुष उभे केले. एकाचा द्वेष झाला, दुसऱ्याचा छंद लागला. हे केवळ अभिनयाचे गुण असते तर दोन्हीकडे सारखेच घडायला हवे होते. तेव्हा कारण नटात शोधून भागणार नाही. ते कथेच्या जातीत शोधले पाहिजे. ‘छावा’ ही युद्धकथा आहे. तिच्यात शत्रू समोर उभा असतो. ‘धुरंधर’ ही हेरकथा आहे. तिच्यात शत्रू शेजारी बसलेला असतो.

हा फरक किती खोल आहे, तो हिंदी पडद्याने पुष्कळ काळ ध्यानात घेतला नाही. १९६७च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र ११६ क्रमांकाचा हेर झाला, १९६८ साली रामानंद सागरांनी ‘आँखें’ काढला आणि धर्मेंद्र परदेशात जाऊन शत्रूचा कट उधळून आला. १९७७चा ‘एजंट विनोद’, १९७९चा ‘सुरक्षा’ ही त्याच घराण्याची पुढची पाती. आमच्या पिढीने हे चित्रपट दूरदर्शनवर आणि व्हिडिओवर पाहिले, आणि मनापासून पाहिले. त्या घराण्यातल्या खलनायकाला एक तळघर हवे, त्यात लाल-हिरवे दिवे हवेत, सरकणारी भिंत हवी, आणि जगाचा नाश करण्याची एखादी कळ हवी. १९८७च्या ‘मिस्टर इंडिया’त अमरीश पुरींनी मोगँबो या थाटाचा कळस केला, तो हेरपट नव्हे, पण तळघर तेच. या खलनायकांना पाहून मजा वाटते, भीतीही वाटते. प्रश्न मात्र पडत नाही. नायक त्यांच्या तळघरात शिरतो तो शेवटच्या रिळात, आणि शिरतो तो मारामारी करायला. त्यांच्या घरी राहायला तो कधी जात नाही. वेषांतर असते ते दाढी-मिशांचे. खलनायकाने त्याला आपला म्हटलेले नसते, म्हणून त्याने दगा दिला असेही होत नाही.

खरा हेर राहायला जातो. त्याचा धंदाच तो. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीत खोटे नाव घेऊन घरात शिरणारा, यजमानाचे प्रेम मिळवणारा आणि त्याच प्रेमाच्या फटीतून सुरी सरकवणारा माणूस खलनायक ठरतो. हेरकथेत तो नायक असतो. हेतू देशरक्षणाचा आहे म्हणून आपण त्याला नायक मानतो, आणि ते योग्यच आहे. पण हेतूने कृत्याचे नाव बदलत नाही. आपल्याकडे त्या कृत्याला जुना शब्द आहे : खाल्ल्या मिठाला न जागणे. हेरकथेचा सगळा नैतिक पेच या एका वाक्प्रचारात मावतो. आणि म्हणून अशा कथेतला खलनायक चांगला वठला की नाही, हे तो किती क्रूर आहे यावरून ठरत नाही, किती देखणा आहे यावरूनही नाही. त्याला फसवताना नायकाला किती जड गेले, हे त्याचे माप.

हे माप माझे नव्हे. ते मला विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात सापडले. संस्कृत मला येत नाही. मी ते मराठीतून वाचले. सात अंकांचे हे नाटक म्हणजे आपल्या वाङ्मयातली हेरकथाच. चाणक्याने नंदांचे राज्य बुडवून चंद्रगुप्ताला गादीवर बसवले आहे. नंदांचा अमात्य राक्षस शत्रूला जाऊन मिळाला आहे. चाणक्याला राक्षस मेलेला नको. चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून हवा. त्यासाठी त्याने चहूकडे हेर पेरले आहेत. नाटकाच्या नावात चाणक्य नाही, चंद्रगुप्त नाही. राक्षस आहे. म्हणजे खलनायकाने नायकाला खाऊन टाकले, ही तक्रार नवी नव्हे.

त्यातले दोन प्रसंग आमच्या वादाला उत्तर देतात, असे मला वाटते. पहिला असा : चाणक्याचा एक हेर यमाचा चित्रपट घेऊन दारोदार फिरत असतो. (आजच्या ‘चित्रपट’ या शब्दाशी याचा संबंध जोडण्याचा मोह चित्रकलेच्या मास्तराने आवरलेला बरा, तो कापडावर काढलेला यमपट.) चंदनदास नावाच्या रत्नपारख्याच्या घरी राक्षसाने आपली बायको आणि मूल ठेवले आहे. चित्र पाहायला ते लहानगे बाहेर धावते. आतून एक स्त्री घाईने हात पुढे करून त्याला मागे ओढते, आणि त्या ओढाताणीत तिच्या बोटातली अंगठी निसटून उंबऱ्याबाहेर पडते. तीच राक्षसाची मुद्रा. पुढचा सगळा डाव या अंगठीवर उभा राहतो. पोराला जपण्यासाठी पुढे आलेला हात, आणि त्या हाताने हेराला नकळत दिलेले हत्यार! हेरगिरी कोठून आत शिरते हे याहून थोडक्यात कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. ती मायेच्या फटीतून शिरते. ‘धुरंधर’मध्येही हमजाचा शिरकाव रहमानच्या मुलांवर हल्ला होतो त्या प्रसंगातून होतो, हे येथे आठवावे.

दुसरा प्रसंग पाचव्या अंकातला. भागुरायण हा चाणक्याचा माणूस. तो कुमार मलयकेतूचा जिवलग होऊन राहिला आहे, आणि आता राक्षसाविषयी त्याचे मन विटवून त्याला नाशाकडे न्यायचे आहे. डाव पुरा होण्याच्या आदल्या घटकेला भागुरायण स्वतःशी कळवळतो : आपल्यावर इतकी माया करणाऱ्या या कुमाराला आपण फसवायचे, हे किती कठीण! नाटक तेथे थांबत नाही; भागुरायण आपले काम करतोच. पण नाटककाराने ती कळ नोंदवून ठेवली. विजयाच्या बाजूला जमेच्या रकमा सगळेच लिहितात. विशाखदत्ताने खर्चाची रक्कमही लिहिली. शेवटी राक्षस चाणक्याच्या हाती लागतो तो पराभवाने नव्हे. आपल्याला आश्रय देणाऱ्या चंदनदासाला सुळावर चढवायला नेत आहेत हे कळताच तो आपण होऊन पुढे येतो. म्हणजे त्याला पकडले ते त्याच्या सद्गुणाने. मिठाला जागणारा माणूस मिठाला न जागणाऱ्यांच्या जाळ्यात सापडला, आणि प्रेक्षकाला दोन्ही बाजूंचा आदर वाटतो. हे साधणे फार अवघड आहे.

आता हे माप ‘धुरंधर’ला लावू. रहमान या माणसाला लेखकाने घर दिले, मुले दिली, दुःख दिले; त्याची क्रूरताही लपवली नाही. अक्षय खन्ना यांनी त्या सगळ्याला एक शांत, सावध देह दिला. खलनायक तळघरातून घरात आणला, ही या चित्रपटाची मोठी कमाई. परंतु त्या घरात वावरणाऱ्या हमजाच्या रागाचा हिशेब चित्रपट जितका चोख देतो, तितका त्याच्या मिठाचा देत नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर त्याचा संताप आपल्याला पूर्ण कळतो. पण ज्याने आपल्याला जवळ केले त्याच्या गळ्यापर्यंत हात नेताना त्याला काय झाले, तो भागुरायणाचा क्षण, मला शोधूनही पुरेसा सापडला नाही.

बँकेतले गृहस्थ ज्याला खलनायकाचा विजय म्हणतात, त्याचे अर्धे कारण येथे आहे. उरलेले अर्धे नटाच्या धर्मात आहे. हेराचे काम चेहरा झाकण्याचे. रणवीर सिंग यांच्यासारख्या उसळत्या नटाने येथे स्वतःला महत्प्रयासाने दाबून धरले आहे, आणि भूमिकेची ती मागणीच होती. रहमानला काही झाकायचे नाही. तो मोकळा हसू शकतो, मोकळा नाचू शकतो. वर्गात मी मुलांना सांगतो की कागदावर एकीकडे नुसते बंद दार काढलेत आणि दुसरीकडे उघडी खिडकी, तर नजर खिडकीकडेच जाणार. बंद दाराकडे नजर ओढायची असेल तर त्याच्या फटीतून उजेडाची एक रेघ काढावी लागते. ती रेघ काढणे नटाचे एकट्याचे काम नव्हे. लेखकाने ती आखून द्यावी लागते.

ती रेघ कशी असते हे पाहायचे असेल तर मेघना गुलजार यांचा २०१८चा ‘राझी’ पाहावा. तेथे सेहमत ही मुलगी १९७१च्या युद्धापूर्वी पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून जाते. नवरा सालस, सासरा प्रेमळ, आपल्या अमृता खानविलकरांनी साकारलेली जाऊही मायाळू. सेहमत घरच्या जुन्या नोकराला गाडीखाली चिरडते, दिराचा जीव घेते, आणि देशाचे काम फत्ते करून परत येते ती मोडून पडलेली. येथे मिठाचा हिशेब पैपैचा आहे. पण ‘राझी’त तोलामोलाचा खलनायक नाही. समोर नुसती भली माणसे असली की दगा स्पष्ट दिसतो. समोर रहमानसारखा माणूस असला की दगा हा दगा आहे हेच आपण विसरतो. एका चित्रपटाने खर्च दाखवला आणि शत्रू सौम्य केला. दुसऱ्याने शत्रू उभा केला आणि खर्च झाकला. दोन्ही एकाच ताटात वाढणारा हेरपट हिंदीत मी तरी अद्याप पाहिलेला नाही.

येथपर्यंतचे सगळे मी एके सकाळी नायगाव ते दहिसरच्या दरम्यान बोललो. न्यायालयातले गृहस्थ तापले. ‘म्हणजे शत्रूची दया करायची? दहशत माजवणाऱ्यांशी मिठाचा हिशेब?’

त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही, निदान आमच्या डब्यात तरी नाही. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी याच पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंतची ती स्थानके आम्ही रोज मोजतो. आमच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ, ज्यांना आम्ही नुसते काका म्हणतो, त्या दिवशी अशाच एका गाडीत दोन डबे सोडून बसले होते. त्यांना तेव्हापासून एका कानाने कमी ऐकू येते. ते या वादात कधी पडले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, ‘मी तो सिनेमा दोनदा पाहिला. खलनायकाला तोंड आहे, म्हणून पाहिला. आमच्या वेळच्याला मी अजून पाहिलेला नाही.’

त्या खटल्यात २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने त्या साऱ्यांना निर्दोष ठरवले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायाच्या त्या गुंत्यात शिरण्याची माझी पात्रता नाही. पण काकांच्या वाक्याने मला एक गोष्ट उमगली. प्रेक्षक खलनायकावर भाळतो तो नेहमीच त्याच्या दुष्टपणावर भाळतो असे नाही. ज्या दुःखाला चेहरा मिळाला नाही, त्याला तो पडद्यावर चेहरा शोधत असतो. हेरपटाचे हे काम लहान नाही, आणि ‘धुरंधर’ने ते केले, हे मी न्यायालयातल्या गृहस्थांना मान्य करायला लावले. मिठाचा हिशेब म्हणजे शत्रूची दयाही नव्हे. भागुरायणाने काम सोडले नाही. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या बहिरजी जाधव नाईकांचे नाव येते. सुरतेची खबर आणणारे ते. शत्रूच्या गावात ते कोणाच्या ओसरीवर निजले, कोणाच्या हातची भाकर खाल्ली, याची नोंद बखरीत नाही. बखरीचे ते कामही नव्हे. ते काम नाटककाराचे, कादंबरीकाराचे आणि आता चित्रपटाचे. स्वराज्यासाठी बहिरजींनी काय काय पोटात ठेवले असेल हे कळले तर त्यांची थोरवी वाढेल, कमी होणार नाही.

न्यायालयातल्या गृहस्थांची दुसरी तक्रार, पोरे नक्कल करतात ही, मात्र मला शाळेत प्रत्यक्ष भेटली. एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीसाठी मी मुलांना स्मरणचित्र काढायला दिले होते. चार-पाच जणांनी काळा चष्मा लावून, हात पसरून, गाडीतून उतरून नाचणारा माणूस काढला. चित्रपट प्रौढांसाठीचा, यांतल्या कोणी तो पाहिलेला नव्हता. त्यांनी पाहिले होते ते फोनवरचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे : बहारीनच्या गायकाचे अरबी गाणे आणि त्यावर रहमानची एंट्री. मी विचारले, ‘हा कोण? काय करतो?’ एकालाही सांगता येईना. ‘सर, तो भारी आहे,’ एवढेच.

मग मला आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ची आठवण झाली. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे असाच भुरळ घालतो. प्रेक्षागृह हसून लोळते. पण अत्र्यांनी हे नाटक न्यायालयात मांडले. लखोबा एकेक सोंग करून जातो आणि त्याने नागवलेली माणसे एकेक करून साक्षीला उभी राहतात. हसता हसता आपण गप्प होतो आणि पुन्हा हसतो. मोहिनी आणि तिची किंमत एकाच रंगमंचावर आहेत. चित्रपटातही रहमानचा नाच आणि त्याचे खून एकाच कथेत आहेत. दिग्दर्शकाने काही लपवलेले नाही. ती कथा फोनने कापली. खलनायक कथेतून सुटा निघाला की त्याच्यापाशी फक्त चाल उरते, आणि चाल कोणाचीही उचलता येते. तेव्हा देखणा खलनायक रंगवू नका, असे मी म्हणणार नाही. मुलांना साडेतीन तासांची गोष्ट आपण कधी सांगणार, हा प्रश्न आहे, आणि तो मास्तरांना विचारायचा आहे, नटाला नव्हे.

एवढे बोलून मी सुटलो असतो. पण दुसऱ्याच्या चित्रपटाला मिठाचे माप लावणाऱ्याने आपली वही दाखवली पाहिजे.

बारा वर्षांपूर्वी माझी दुसरी कादंबरी निघाली. विषय विरारच्या जमिनींचा : भाताची खाचरे आणि वाड्या जाऊन चाळी आणि इमारती कशा उठल्या त्याचा. तिच्यात जमिनीचा एक दलाल आहे. तो मी एका खऱ्या माणसावरून घेतला. त्याचे नाव मी सांगणार नाही. त्याने काही लोकांना खरोखरच नाडले होते, यात शंका नाही. वर्ष-दीड वर्ष मी रविवारी त्याच्या घरी जात असे. लिहितो आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मास्तर गप्पा मारायला येतात, याचाच त्याला अभिमान होता. त्याची आई तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढी. तो व्यवहाराच्या गोष्टी सांगे. कोणाला कसे गुंडाळले ते हसून सांगे. मी घरी येऊन रात्री सगळे वहीत उतरवून ठेवी. पुस्तक आले. दोन परीक्षणांत म्हटले होते की खलनायक अस्सल उतरला आहे. मी सुखावलो.

एका संध्याकाळी तो माझ्या दारात आला. पुस्तक त्याने विकत घेतले होते. बसला नाही. म्हणाला, ‘सर, बरोबर लिहिलंय. मी तसाच आहे. फक्त तुम्ही आमच्याकडे जेवायला येत होता, ते पुस्तकात नाही.’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. तो गेल्यावर मी कादंबरी पुन्हा चाळली. खलनायक अस्सलच होता. कादंबरीत त्याचे बिंग फोडणारा जो तरुण आहे, तो मात्र त्याच्या घरी जाऊन एकदाही पाणी पीत नाही. त्याला सगळी माहिती आपोआप मिळते. त्या तरुणाचा चेहरा बंद दारासारखा कोरा राहिला आहे. वाचकांना खलनायकच आवडला, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. त्याचे कारण माझ्या स्वतःच्या वहीत होते. मी हेर होतो, आणि हेराचा खर्च मी पुस्तकातून पुसून टाकला होता. नीतीचा दोष तर तो होताच. पण आज मला वाटते, कलेचा दोषही तोच होता.

म्हणून ‘धुरंधर’विषयी लिहिताना माझा सूर चढत नाही. साडेतीन तासांत आदित्य धर यांनी जे टाळले, ते मी तीनशे पानांत टाळले होते. खलनायक रंगवणे तुलनेने सोपे आहे. त्याच्या ओसरीवर बसून त्याचे खाणाऱ्या आणि तरीही उठून आपले काम करणाऱ्या माणसाला रंगवणे अवघड आहे, कारण तो माणूस बहुधा आपणच असतो.

आमच्या डब्यातला वाद अद्याप मिटलेला नाही. औषधाच्या दुकानातला तरुण आता दुसऱ्या एका खलनायकाची चाल शिकला आहे. काका ऐकू येणारा कान आमच्याकडे करून बसतात. तो दलाल मला स्थानकावर कधी कधी दिसतो. मान हलवतो आणि पुढे जातो. त्याची आई गेल्याचे मला उशिरा कळले. तिसऱ्या कादंबरीत मी ती भाकरी लिहायचा प्रयत्न केला होता, जमली नाही. चौथीत पुन्हा करून पाहणार आहे.